एक माणूस, चार पासबुकं: पीपीएफच्या वार्षिक मर्यादेमागची गोष्ट

मार्च लागला की आमच्या घरी कपाटावरची प्लास्टिकची पिशवी खाली उतरते. नौपाड्याच्या पोस्टातलं एक पासबुक, वाशीच्या बँकेतलं दुसरं, मुलाच्या नावाचं तिसरं आणि सुकन्या समृद्धी या मुलींसाठीच्या सरकारी बचत योजनेतलं मुलीचं चौथं. या वर्षी सगळ्यांचे मिळून किती भरले? प्रश्न साधा आहे, पण एकाही पासबुकात त्याचं उत्तर सापडत नाही. असं का, हे कळायला जरा मागे जावं लागतं.

पीपीएफ, म्हणजे सार्वजनिक भविष्य निर्वाह निधी, सुरू झालं १ जुलै १९६८ला. सरकारी नोकराला त्याचा भविष्य निर्वाह निधी होता, वागळे इस्टेटच्या कारखान्यातल्या कायम कामगाराचा पीएफ पगारातून कापला जायचा. दुकानदार, वकील, डॉक्टर, दलाल यांना मात्र तशी काही सोय नव्हती. त्यांच्याही गाठीला म्हातारपणी काही असावं म्हणून ही योजना. पहिल्या वर्षी व्याज होतं फक्त ४.८ टक्के. पुढे ते चढत गेलं आणि १९८६पासून जानेवारी २०००पर्यंत १२ टक्क्यांवर टिकलं, तेही करमुक्त. मग नोकरदारही रांगेत आले.

एका माणसाचं एकच खातं, हा नियम होताच. पण तो पाळला जातोय की नाही हे बघणार कोण? माझं दुसरं खातं नाही, असं लिहून खाली सही करायची, झालं. पोस्टाची वही पोस्टात, बँकेचं लेजर बँकेत. त्यात ही वर्षं घरं बदलण्याची. गिरगाव-दादरच्या खोल्या सोडून लोक ठाण्यात आले, नंतर वाशी-नेरूळला सिडकोच्या घरांत गेले. खातं मागून यायचं, पण सावकाश. वडिलांचं खातं मुंबईतल्या एका शाखेतून ठाण्याला यायला दोन दिवाळ्या लागल्या. तोवर त्यांनी इथे नवं उघडूनही टाकलं होतं. फसवायचं त्यांच्या मनात नव्हतं, वाट पाहण्याचा कंटाळा आला एवढंच.

मर्यादेचा घोळ वेगळा. २००२च्या नोव्हेंबरात वर्षाची कमाल रक्कम ६० हजारांवरून ७० हजार झाली. २००५-०६पासून आयकर कायद्याच्या ८०-सी कलमाखाली अशा बचतीवर करपात्र उत्पन्नातून १ लाखापर्यंत वजावट मिळू लागली. म्हणजे पीपीएफमध्ये ७० भरून वर ३० हजारांची जागा उरायची. आमच्या ओळखीतल्या कित्येकांनी हे ३० हजार अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालच्या, मुलाच्या खात्यात टाकले. वजावट मुलाच्या खात्यावरही मिळते, मग बिघडलं कुठे? बिघडलं असं की आपलं खातं आणि आपण पालक म्हणून चालवत असलेलं मुलाचं खातं, दोन्हींची मर्यादा एकत्र मोजतात. डिसेंबर २०११मध्ये मर्यादा १ लाख झाली, ऑगस्ट २०१४मध्ये दीड लाख. तेव्हापासून ती तिथेच आहे.

संगणक आल्यावर हे आपोआप सुटायला हवं होतं. झालं उलटंच. बापाने स्वतःच्या खात्यात १ लाख भरले आणि मुलाच्या खात्यात दुसऱ्या बँकेत ८० हजार, तर दोन्हीकडे पैसे बिनबोभाट जमा होतात, कारण प्रत्येक बँकेला आपल्याकडचेच पैसे दिसतात आणि ते दीड लाखाच्या आत असतात. वरच्या ३० हजारांवर व्याज नाही, हे कधीतरी हिशेब तपासला गेला की कळतं. पीपीएफच्या २०१९च्या नव्या योजनेत ही एकत्र मर्यादा स्पष्ट लिहिली आहे. सुकन्येची दीड लाखाची मर्यादा त्यात धरत नाहीत, मात्र ८०-सीचा दीड लाख सगळ्यांत मिळून एकच. इथे भल्याभल्यांची गल्लत होते.

खरा बदल आला तो पॅन आणि आधारने. एप्रिल २०२३पासून अल्पबचतीच्या खात्यांना दोन्ही सक्तीचे झाले, आणि इतकी वर्षं सहीवर चाललेली गोष्ट पडताळता येऊ लागली. १ ऑक्टोबर २०२४पासून जादा खात्यांबद्दलचे नियम लागू झाले. दोन खाती असतील तर त्यातलं एक मुख्य धरायचं, त्याला नेहमीचं व्याज. दुसऱ्यातली रक्कम दरवर्षीच्या मर्यादेत बसेल तेवढी त्यात मिळवायची, उरलेली बिनव्याजी परत. तिसरं खातं असेल तर उघडल्या दिवसापासून त्यावर शून्य व्याज. वडिलांची दोनच होती म्हणून बरं.

नव्या करप्रणालीत ८०-सी नाही, त्यामुळे हल्ली ऑफिसात पूर्वीसारखी मार्चची धावपळ दिसत नाही. व्याज मात्र तिथेही करमुक्त आहे. शिवाय महिन्याच्या ५ तारखेनंतर भरलेल्या पैशांवर त्या महिन्याचं व्याज मिळत नाही, म्हणून जाणकार ५ एप्रिलच्या आतच दीड लाख भरून मोकळे होतात. आजच्या ७.१ टक्क्यांनी वर्षाचे १०,६५० रुपये होतात.

आम्ही मात्र एकदा मार्चच्या शेवटी ४० हजारांचा चेक टाकला आणि गेल्या वर्षाच्या पानावर लिहून मोकळे झालो. चेक वटला २ एप्रिलला. भरणा धरतात तो वटल्याच्या तारखेचा, म्हणजे ते ४० हजार नव्या वर्षाच्या मर्यादेतून गेले. आम्ही आपले ५ तारखेच्या आत पुन्हा पूर्ण दीड लाख भरायला निघालो होतो. बायकोने पासबुक उघडून तारखेवर बोट ठेवलं म्हणून वाचलो. तेव्हापासून आमच्या वहीत ‘वटला कधी’ असा एक जास्तीचा रकाना आहे, लाल शाईने आखलेला.