सत्तांतर आणि प्रभागरचना (कोल्हापूर)

महापालिका निवडणुकीसाठी शहराचे प्रभाग पाडण्याच्या कामाला प्रभागरचना म्हणतात. प्रभाग किती सदस्यांचा, हे राज्याचा कायदा ठरवतो. त्यामुळे मुंबईत सरकार बदलले की कोल्हापूरचा नकाशा नव्याने आखावा लागतो. २०१५ ची निवडणूक ८१ एकसदस्यीय प्रभागांत झाली. त्या सभागृहाची मुदत १५ नोव्हेंबर २०२० रोजी संपली आणि कारभार प्रशासकाकडे गेला. महाविकास आघाडी सरकारने २०२१ मध्ये तीनसदस्यीय पद्धत आणली. कोल्हापूरसाठी ९२ सदस्य व ३१ प्रभाग ठरले. जून २०२२ अखेर सत्तांतर झाले आणि ऑगस्टमध्ये ते सगळे बाद होऊन जुनी सदस्यसंख्या (८१) परतली व चारसदस्यीय पद्धत आली. त्यात ओबीसी आरक्षणाच्या खटल्याने निवडणूक आणखी लांबली. अखेर सर्वोच्च न्यायालयाच्या ६ मे २०२५ च्या आदेशानंतर २० प्रभाग पडले (१९ चारसदस्यीय, एक पाचसदस्यीय) आणि १५ जानेवारी २०२६ रोजी मतदान झाले. तुंबलेल्या गटारीची तक्रार घेऊन जायला पाच वर्षे नगरसेवकच नव्हता, ही या लांबणीची खरी किंमत.

आधार २०११ च्या जनगणनेचा: लोकसंख्या ५,४९,२३६. तिला ८१ ने भागून चारने गुणले की चारसदस्यीय प्रभागाची सरासरी सुमारे २७,१२३ येते. दहा टक्के कमी-जास्त चालते, म्हणजे साधारण २४,४०० ते २९,८००. आखणी उत्तरेकडून, म्हणजे कसबा बावड्याच्या बाजूने सुरू होऊन दक्षिणेत संपते. जनगणनेचा प्रगणक गट (मोजणीसाठी एकत्र धरलेला घरांचा समूह) फोडायचा नाही. सीमा शक्यतो नाला, रेल्वे, मोठा रस्ता अशी ठळक हवी. इथेच अडते. पेठांतली वस्ती तालमींभोवती (कुस्तीचे आखाडे, हीच गल्लीची ओळख) बांधलेली, गटाची रेघ मात्र तालीम पाहून ओढलेली नसते. लोकसंख्या जुळवताना एकाच तालमीची माणसे दोन प्रभागांत जाऊ शकतात. उपनगरे २०११ नंतर वाढली, ती वाढ या आकड्यांत नाही.

प्रारूप, म्हणजे रचनेचा कच्चा आराखडा, प्रसिद्ध झाल्यावर हरकती, सुनावणी, अंतिम रचना आणि मग आरक्षण सोडत. हरकत घेताना ‘प्रभाग चुकला’ एवढे लिहून भागत नाही. प्रगणक गटाचा क्रमांक व पर्यायी सीमा द्यावी. सर्वांत जास्त चुका त्यानंतर, मतदार यादी फोडताना होतात. विधानसभेच्या यादीतील नावे प्रभागनिहाय वाटली जातात. कोल्हापूर दक्षिणमध्ये हद्दीबाहेरची गावेही असल्याने ती आधी वेगळी काढावी लागतात. सीमेवरची गल्ली शेजारच्या प्रभागात गेली, तर दुरुस्तीची संधी प्रारूप यादीवरील हरकतींच्या मुदतीतच.