मथुशलह ताऱ्याचे वय

तूळ राशीत एचडी १४०२८३ हा तारा आहे. अंतर सुमारे २०० प्रकाशवर्षे, प्रत (तेजस्वितेचे माप; आकडा मोठा, तितका तारा मंद) ७.२, नुसत्या डोळ्यांना तो थोडक्यात हुकतो. बायबलमध्ये ९६९ वर्षे जगलेल्या मथुशलहाचे नाव त्याला मिळाले आहे. २०१३ साली हॉवर्ड बाँड आणि सहकाऱ्यांनी हबल दुर्बिणीच्या मोजमापांवरून त्याचे वय काढले: १४४६ कोटी वर्षे. विश्वाचे वय १३८० कोटी! गाजला तो हा विरोधाभास. पण आकड्यापुढे 'अधिक-उणे ८० कोटी' असेही होते, आणि मला तेच सर्वांत मोलाचे वाटते. ८० कोटी वजा केले, की तारा विश्वाच्या वयात बसतो.

तो जुना आहे, याबद्दल मात्र शंका नाही. खगोलशास्त्रज्ञ हायड्रोजन आणि हेलियम सोडून सगळ्याच मूलद्रव्यांना 'धातू' म्हणतात. ती ताऱ्यांच्या पोटात आणि स्फोटांत घडली, म्हणून सुरुवातीच्या वायूत ती फारच थोडी होती. या ताऱ्यात लोहाचे प्रमाण सूर्याच्या सुमारे अडीचशेव्या हिश्श्याइतके आहे. सगळे तारे एकाच घडणीचे, हा समज १९५१मध्ये चेंबरलेन आणि अ‍ॅलर यांनी मोडला, तो याच आणि आणखी एका ताऱ्याच्या वर्णपटावरून. सूर्याजवळून तो ताशी सुमारे १३ लाख किलोमीटर वेगाने चालला आहे. मूळचा तो आकाशगंगेच्या प्रभामंडळातला, म्हणजे तिच्या तबकडीभोवतीच्या विरळ गोलाकार भागातला.

वय कळते ते त्याच्या आजच्या अवस्थेमुळे. गाभ्यातला हायड्रोजन संपला आहे आणि आता गाभ्याभोवतीच्या कवचात तो जळतो आहे. तारा फुगू लागला आहे, पुढे तांबडा राक्षसी तारा होईल. स्थिर आयुष्यात ताऱ्याचे तेज अब्जावधी वर्षे फारसे बदलत नाही, त्यामुळे वय ओळखणे अवघड जाते. या संक्रमणात मात्र तेज आणि वय यांचे नाते घट्ट असते. अर्थात खरे तेज कळायला अंतर अचूक हवे. पृथ्वी सूर्याभोवती फिरताना ताऱ्याची जागा किंचित सरकलेली दिसते, त्यावरून अंतर निघते. म्हणून तर हबलने २००३ ते २०११ या काळात त्याची जागा पुन्हा पुन्हा मोजली.

अंतर पक्के झाल्यावरही ऑक्सिजनचा प्रश्न उरला. ताऱ्यात ऑक्सिजन अधिक धरला, की गणितात तो लवकर म्हातारा होतो आणि वय कमी निघते. त्यामुळे प्रमाणातली छोटीशी चूकही कोटींनी वर्षे हलवते. नंतरच्या काही गणितांत वय १३८० कोटींच्या आत आले आहे.

मे-जूनमध्ये, पावसाळी ढग येण्याआधी, महाराष्ट्रातून तूळ रास रात्री चांगली वर असते. ताऱ्यांचा नकाशा आणि साधी द्विनेत्री असेल, तर हा तारा जरूर शोधा.