पार्श्वभूमी : सड्यावरची कोरडी माती आणि तिच्यातले जीव

रत्नागिरी-राजापूरकडच्या सड्यांवर, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारांवर, जूनचे पहिले दोन-चार पाऊस झाले की कातळातल्या खळग्यांत पाणी साचते आणि आठवड्याभरात त्यात बारीक जीव पोहू लागतात. दिवाळीनंतर खळगे आटतात, एप्रिलमध्ये त्यांच्या तळाची माती हाताला चटका देते. मग हे जीव येतात कुठून? या प्रश्नाची दोन उत्तरे आहेत आणि ती वेगळी करायला विज्ञानाला दीडशेहून अधिक वर्षे लागली.

पहिले उत्तर असे की जीव स्वतःच सुकून थांबतो आणि भिजल्यावर जागा होतो. ते सापडले छपराच्या पन्हळीत. १७०२मध्ये डेल्फ्टच्या लेव्हेनहूकने पन्हळीतला वाळलेला गाळ पाण्यात भिजवला आणि तासाभरात त्यात रोटिफर (डोळ्यांना न दिसणारे बारीक जलप्राणी) फिरताना पाहिले. कौलांच्या पन्हळीत किंवा चिऱ्याच्या गडग्यावरच्या शेवाळात आजही हेच दिसते. १७७६मध्ये स्पालान्झानीने तेच रोटिफर पुन्हा पुन्हा सुकवून जागे केले. नुसत्या काचेवर सुकवलेले उठत नाहीत, वाळूत सुकवलेले उठतात, हे त्याने टिपले. कारण साधे आहे : वाळूत पाणी हळूहळू उडते आणि जिवाला आक्रसून गोळा व्हायला वेळ मिळतो. ‘मेलेले जिवंत होते का’ हा वाद मात्र १८६०मध्ये पॅरिसमध्ये पॉल ब्रोका यांच्या समितीने अहवाल देईपर्यंत चालला. सुकून थांबण्याच्या या अवस्थेला क्रिप्टोबायोसिस हे नाव डेव्हिड केलिन यांनी १९५९मध्ये दिले.

पन्हळीतले हे रोटिफर डेलॉइड गटातले. त्यांच्यात नर आजवर सापडलेला नाही, मादी अनिषेकजननानेच, म्हणजे फलनाविना, माद्यांना जन्म देते. सुकताना त्यांच्या डीएनएचे तुकडे होतात आणि भिजल्यावर ते पुन्हा सांधले जातात. सुकून टिकणाऱ्या बऱ्याच प्राण्यांत सापडणारी ट्रेहॅलोज साखर २००३च्या तपासणीत त्यांच्यात आढळली नाही. २०२१मध्ये सायबेरियाच्या गोठलेल्या जमिनीतून सुमारे २४,००० वर्षे जुना डेलॉइड जागा झाला आणि प्रजननही करू लागला.

दुसरे उत्तर अंड्यांचे. इथे मोठा प्राणी मरतोच, थांबते ते अंडे. डॅफ्निया या पाणपिसवेच्या प्रजननाच्या दोन पद्धती जॉन लबक यांनी १८५७मध्ये सविस्तर मांडल्या : पाणी चांगले असेतो माद्या नराविना माद्यांनाच जन्म देतात. गर्दी झाली, अन्न घटले की नर निपजतात आणि फलित अंडी जाड कवचात बंद होतात. ब्रॅकिओनससारख्या रोटिफरमध्येही गर्दी हाच मोठा इशारा असतो. कोकणातल्या कोमट डबक्यांत डॅफ्नियापेक्षा तिची नातलग मोइना जास्त भेटते, पण रीत तीच. फेअरी श्रिम्प या छोट्या कोळंबीसारख्या जिवामध्ये नर-मादी दोन्ही असतात आणि टिकाऊ अंडी ते दर हंगामात घालतात. १८८०च्या दशकात नॉर्वेच्या सार्स यांनी ऑस्ट्रेलियाहून आलेल्या वाळक्या चिखलातून घरी प्राणी वाढवून नव्या जाती वर्णिल्या. आपल्याकडचा धागाही जुना आहे : नागपूरच्या स्टीफन हिस्लॉप यांच्या नावाने बेअर्ड यांनी १८५९मध्ये शिंपल्यासारखे कवच असलेल्या एका कोळंबीवर्गीय जिवाचे वर्णन केले. सह्याद्रीतल्या फेअरी श्रिम्पची ‘सह्याद्रिएन्सिस’ ही जात नोंदली गेली ती २०१४मध्ये.

सार्स यांची पद्धत आजही तशीच चालते. एप्रिल-मेमध्ये खळग्याच्या सर्वांत खोल जागेची आणि कडेची, वरची एक सेंटिमीटर माती घ्यावी. ती कागदी पाकिटात ठेवावी. प्लास्टिकमध्ये दमटपणा राहिला तर बुरशी धरते. पसरट भांड्यात अर्धा लिटर पावसाचे पाणी आणि एक चमचा माती, पाण्याची खोली तीन-चार सेंटिमीटर. उजेड हवा, थेट ऊन नको. डेलॉइड काही तासांत हलू लागतात, फेअरी श्रिम्पची पिल्ले एक-दोन दिवसांत दिसतात, मोइनाला आणखी काही दिवस द्यावेत.

फसते ते बहुधा तीन कारणांनी : नळाच्या पाण्यातले क्लोरीन, विहिरीच्या पाण्यातला खारटपणा (बंदरपट्ट्यात हे हमखास) किंवा जास्त माती. माती जास्त झाली की ती कुजते, पाण्यातला प्राणवायू संपतो आणि निघालेली पिल्ले रातोरात मरतात. काहीच निघाले नाही तरी माती टाकू नये. पूर्ण सुकवून पुन्हा भिजवावी. सगळी अंडी एकाच ओलीला फुटत नाहीत. वळवाच्या एका सरीने खळगा भरून चार दिवसांत आटला तर त्या वेळी निघालेली पिल्ले वाया जातात, आणि मागे राहिलेल्या अंड्यांवरच पुढचा पावसाळा निभावतो.

थंड प्रदेशातल्या तळ्यांच्या गाळात कोपेपॉड या बारीक कवचधारी जिवाची ३०० वर्षांहून जुनी अंडीही जिवंत सापडली आहेत. पण तिथे गाळाचे थरांवर थर असतात. सड्यावरच्या खळग्यात माती असते बोटभर. चिरेखाणीसाठी ती खरवडली तर खाली दुसरा साठा नसतो. हापूसच्या कलमांसाठी खळग्यावर भराव टाकला तर अंडी उजेडाविना गाडली जातात आणि वर पाणी साचले तरी फुटत नाहीत.