किती इंच ते नंतर, आधी किती किलो ते सांग

माझ्या आतेभावाने टोयोटाची हायलक्स पिकअप घेतली. जुन्नरच्या पुढे त्याची रोपवाटिका आहे, त्यामुळे हौद्यात कधी रोपांचे ट्रे, कधी ड्रिपच्या नळ्यांची भेंडोळी, कधी खताच्या गोणी, आणि रविवारी चार मित्र घेऊन कुठल्यातरी घाटात. गाडी येऊन महिना झाला नाही तोच याचा फोन, दादा चार इंच लिफ्ट करायचीय, कुठला किट घेऊ सांग. मी म्हटलं, हौद्यात रोज किती किलो असतं? तर फोनवर शांतता. मग म्हणे असेल की दीडशे, नाहीतर चारशे, ते कशाला पाहिजे?

तेच तर पाहिजे. पिकअपची उंची वाढवायची म्हणजे स्प्रिंग बदलायचा, आणि स्प्रिंगला इंच कळत नाहीत, त्याला फक्त वजन कळतं. रॉबर्ट हूक नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने 1678 साली छापून ठेवलंय की जितकं बळ तितका ताण, दुप्पट वजन टाकलं की स्प्रिंग दुप्पट दबणार. बाजारातल्या किटवर "2 इंच" लिहिलेलं असतं ना, ते एका ठरावीक वजनाला 2 इंच. तुमची गाडी त्यापेक्षा हलकी असेल तर 3 येतील, जड असेल तर कदाचित काहीच नाही.

एका शनिवारी मी गेलो त्याच्याकडे आणि आधी गाडी वजनकाट्यावर नेली, तोच काटा जिथे कांद्याच्या गाड्या तोलतात. फक्त मागची चाकं काट्यावर ठेवून रिकाम्या गाडीचा आकडा घेतला, 890 किलो. एक्सल, चाकं, मधला डिफरेन्शिअलचा गोळा (इंजिनाची ताकद दोन्ही चाकांना वाटणारा), हे सगळं पाट्यांच्या, म्हणजे मागच्या पट्टीच्या स्प्रिंगच्या, खाली लटकतं, ते वजन स्प्रिंगवर येत नाही, म्हणून ते वजा जाता साधारण 700 किलो पाट्यांवर आहेत असं धरलं. मग घरी आलो, सपाट जागेवर गाडी लावली, चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत टेपने माप घेतलं, आणि शेडच्या कामाला आणलेल्या सिमेंटच्या 5 गोणी बरोबर मागच्या एक्सलच्या वर रचल्या. 250 किलो. गाडी हातांनी दोनचारदा दाबून हलवली (पाटे एकमेकांवर घासून अडकलेले असतात, न हलवता माप घेतलं तर ते खोटं येतं) आणि परत टेप लावला. 35 मिलिमीटर खाली. म्हणजे दर 100 किलोला 14 मिलिमीटर. झालं, कुठलंही महागडं मशीन न आणता मागच्या स्प्रिंगची ताकद मोजून झाली, दोन्ही बाजू मिळून मिलिमीटरला 70 न्यूटन (न्यूटन हे बळाचं माप, एका किलोचं वजन म्हणजे साधारण 10 न्यूटन). कॅटलॉग वाचायला बसण्याआधी हा एक आकडा हातात असला की निम्मा गोंधळ संपतो असं माझं मत आहे.

आता या आकड्याचं करायचं काय? वजन आणि स्प्रिंगची ताकद माहीत असली की गाडी सेकंदाला किती हेलकावे खाईल ते निघतं. रिकामी असताना आमचं उत्तर आलं 1.6, आणि हौद्यात 400 किलो टाकले की 1.3. साध्या कार सेकंदाला एकाच्या थोडं वर असतात, म्हणून त्या मऊ वाटतात, पिकअप रिकामी असली की उडते आणि भरली की शहाण्यासारखी चालते ते याचमुळे. आता समजा जोशात येऊन 100 न्यूटनवाले जाड पाटे टाकले. 400 किलोला गाडी 56 ऐवजी 39 मिलिमीटरच दबेल, छान, पण रिकामी असताना हेलकावे 1.9 वर जातात, म्हणजे नारायणगावपर्यंत आत्याला मागच्या सीटवर बसवलं तर ती परत बसणार नाही. कॅटलॉगमध्ये "कायम 300 किलो" असं जे लिहिलेलं असतं त्यात कायम हा शब्द महत्त्वाचा आहे, ज्यांच्या हौद्यात पक्की टपरी, पेट्या, टाकी असं उतरत नसलेलं वजन आहे त्यांच्यासाठी ते पाटे. कधीतरी 300 किलो नेणाऱ्यासाठी नाही. आणि हो, जाड पाटे टाकले म्हणून गाडी जास्त माल न्यायला पात्र होत नाही, आरसीवर जे एकूण वजन लिहिलंय तेच, कारण ब्रेक, एक्सल आणि चेसिस तेच आहेत.

पुढच्या बाजूची गोष्ट वेगळी आणि जास्त मजेशीर. कारण मी जायच्या आधीच साहेबांनी एका गॅरेजात पुढे स्पेसर टाकून घेतले होते, म्हणजे स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकअपची एकत्र जोडी) खोलून स्प्रिंगच्या डोक्यावर एक जाड चकती. स्वस्त, दोन तासात काम, पुढून गाडी 5 सेंटिमीटर वर. चकती मात्र अडीच सेंटिमीटरचीच होती. हे कसं? दाराला बिजागरीजवळ ढकलून बघा, हात बोटभर हलतो आणि दाराची कड वीतभर. स्ट्रट खालच्या आर्मला, म्हणजे चेसिसपासून चाकापर्यंत जाणाऱ्या दांड्याला, साधारण मध्यावर धरलेला असतो आणि चाक टोकाला, म्हणून स्ट्रटपाशी एक इंच म्हणजे चाकापाशी जवळजवळ दोन. ज्यांना हे माहीत नसतं ते 2 इंच लिफ्टसाठी 2 इंचाची चकती मागवतात आणि मग गाडी बेडकासारखी नाक वर करून बसते.

त्याची तक्रार होती की स्पीडब्रेकर उतरताना पुढून खट्ट आवाज येतो, आणि मिस्त्री म्हणतो नवीन आहे, बसेल. बसणार नव्हतं. चाक वरखाली किती जाऊ शकतं हे शॉकअपच्या लांबीने ठरलेलं असतं. समजा एकूण 20 सेंटिमीटर, त्यातले गाडी उभी असताना वर जायला 11 आणि खाली लटकायला 9. स्पेसरने गाडी 5 ने उचलली, शॉकअप तोच ठेवला, की वर जायला 16 मिळाले पण खाली जायला उरले फक्त 4. चाक खड्ड्यात किंवा ब्रेकरच्या पलीकडे उतरतं तेव्हा ते खाली जायला बघतं आणि शॉकअपचा दांडा पूर्ण बाहेर येऊन आत लोखंडावर लोखंड आपटतं. तोच तो खट्ट. लोक याला "सस्पेन्शन कडक झालं" म्हणतात पण स्प्रिंग एका न्यूटननेही कडक झालेला नसतो, गाडीचं वजन तेच म्हणून दबणंही तेच, हूकसाहेब कुठे गेले नाहीत. फक्त खालची जागा संपलेली असते. आणि ऑफरोडवर खालची जागाच जास्त लागते, चाक लटकून जमिनीला टेकलं पाहिजे तर ते ढकलणार ना.

म्हणून पुढे उंची पाहिजे असेल तर स्प्रिंगबरोबर लांब शॉकअप पाहिजे, ही जोडी आहे. शॉकअप हे नावही तसं फसवं, दचका खातो तो स्प्रिंग, शॉकअपचं काम स्प्रिंगचं नाचणं थांबवायचं, आतलं तेल बारीक भोकांतून ढकलून त्या हालचालीची उष्णता करायची. डोंगरातल्या खराब रस्त्यावर तासभर चालवून उतरलात की शॉकअपला हात लावू नका, भाजेल. मागे 70 वरून 100 न्यूटनवर गेलात आणि जुनाच शॉकअप ठेवला तर त्या स्प्रिंगच्या मानाने तो 16 टक्के कमजोर पडतो, म्हणजे गाडी खड्ड्यानंतर एक डोलकावा जास्तच घेते.

उंचीची मर्यादा मात्र स्प्रिंग ठरवत नाही, पुढची चाकं फिरवणारे दांडे, म्हणजे ड्राइव्ह शाफ्ट, ठरवतात. फोर बाय फोरमध्ये डिफरेन्शिअल चेसिसला पक्का असतो, गाडी वर गेली की तोही वर जातो, चाकं खाली, आणि मधला शाफ्ट तिरका. दीड-दोन इंचापर्यंत बहुतेक गाड्या हे सहन करतात. त्यापुढे शाफ्टच्या टोकाचा सांधा, सीव्ही जॉइंट, कायम वाकड्या कोनात फिरतो, त्याचं रबरी बूट घडीवर घडी घासून फाटतं, ग्रीस चाकाच्या आतल्या बाजूला उडतं आणि मग धूळ आत. शिवाय वरचा आर्म कमी पडतो, कॅस्टर घटतो, म्हणजे सायकलचा पुढचा चिमटा जसा थोडा तिरका असतो म्हणून ती हात सोडला तरी सरळ जाते, तो तिरकेपणा कमी होतो आणि हायवेवर स्टिअरिंग भटकायला लागतं. तिथून पुढे नवीन वरचे आर्म लागतात. आणि 4 ते 6 इंच पाहिजे असेल तर डिफरेन्शिअल, खालचे आर्म, त्यांचा क्रॉसमेंबर सगळंच ब्रॅकेट लावून खाली आणावं लागतं, अमेरिकेत असे किट सर्रास मिळतात, पण मग एवढं करून पोटाखालचं लोखंडही खाली आलेलं असतं. गंमत आहे की नाही.

मागच्या बाजूला स्वस्तातला उपाय म्हणजे एक्सल आणि पाट्यांच्या मध्ये गुटका टाकून लांब यू-बोल्ट मारायचे. छोटा गुटका चालतो, कंपन्या स्वतःही काही गाड्यांना तो देतात. मोठा टाकला की ॲक्सिलरेटर दाबल्यावर एक्सल फिरायला बघतो, पाट्यांना इंग्रजी एस सारखी मुरड पडते आणि चाक टपटप उड्या मारतं. दोन गुटके एकावर एक रचलेले मी पाहिलेत, ते बघून मला त्या ड्रायव्हरपेक्षा त्याच्या मागच्या गाडीवाल्याची काळजी वाटली.

मागेच एक गोष्ट असते जी कुणी सांगत नाही. बऱ्याच पिकअपना चेसिस आणि मागच्या एक्सलच्या मध्ये एक बारीक दांडी आणि तिला जोडलेला ब्रेकचा व्हॉल्व्ह असतो. हौदा भरला, गाडी दबली, की दांडी वर ढकलली जाते आणि व्हॉल्व्ह मागच्या ब्रेकला जास्त दाब देतो, रिकामी असली की कमी, नाहीतर मागची चाकं जाम होऊन गाडी फिरेल. आता तुम्ही मागून 2 इंच उचलली. व्हॉल्व्हला वाटतं हौदा रिकामा आहे. तुम्ही 400 किलो भरून घाट उतरताय आणि मागचे ब्रेक अर्धवट काम करतायत. दांडीचा ब्रॅकेट तेवढाच वर घ्यायचा, अर्ध्या तासाचं काम, पण आधी मिस्त्रीला विचारा की तो हे करतो का. नुसतं तोंडाकडे बघत राहिला तर चहा पिऊन परत या.

एवढं सगळं करून मिळतं काय? पोट वर जातं, एवढंच. मागच्या एक्सलमधला तो गोळा इंचभरही वर जात नाही, तो चाकांवर उभा आहे, स्प्रिंगवर नाही. तो फक्त मोठ्या टायरने वर जातो. 265/60 आर 18 टायरचा व्यास 775 मिलिमीटर, 265/70 आर 17 चा 803, म्हणजे गोळा वर गेला 14 मिलिमीटर, आणि स्पीडोमीटर 100 दाखवताना तुम्ही 103 च्या पुढे. मात्र लांब गाडीला पोट वर जाण्याचा खरा उपयोग होतो, हायलक्सच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर 3085 मिलिमीटर आहे, पाच दारांच्या जिम्नीचं 2590. बांधावरून जाताना पिकअप पोटावर बसते आणि जिम्नी नाही, तिथे हे 4-5 सेंटिमीटर कामाचे.

बदल्यात गाडी उलटायला सोपी होते. डाव्या-उजव्या चाकांमधल्या रुंदीचा निम्मा भाग भागिले गुरुत्वमध्याची उंची, अमेरिकेचं रस्ता सुरक्षा खातं उलटण्याचा धोका मोजायला हाच आकडा वापरतं, जितका कमी तितका धोका जास्त. रुंदी 1.54 मीटर आणि गुरुत्वमध्य 72 सेंटिमीटरवर धरला तर 1.07. साडेचार सेंटिमीटर वर नेलात की 1.01. नऊ नेलात की 0.95. त्यावर टपावर पाण्याचे कॅन बांधणारे वेगळेच. तिकडे नॉर्थ कॅरोलायनात पुढून उंच आणि मागून बसलेल्या गाड्यांची अशी साथ आली की 2021 च्या डिसेंबरपासून पुढचं मडगार्ड मागच्यापेक्षा 4 इंच वर असेल तर बंदी, हेडलाइट आकाशात आणि ड्रायव्हरला बॉनेटपुढचं पोर दिसत नाही म्हणून. आपल्याकडे मोटार वाहन कायदा 1988 चं कलम 52 आहे, आरसीवरच्या तपशिलात फरक पडेल असा बदल चालत नाही, आणि सुप्रीम कोर्टाने जानेवारी 2019 मध्ये ते कडकच वाचलंय. त्यामुळे किटचे पैसे भरण्याआधी आरटीओत आणि विमावाल्याकडे विचारून घ्या, विमावाल्याकडून लेखी.

त्याचं चार इंचाचं भूत काट्यावरच उतरलं होतं. हा पुढचे दोन महिने कागदपत्रांच्या आणि चौकशांच्या मागे लागला, आणि मग पुढे स्प्रिंग आणि लांब शॉकअप 40 मिलिमीटरसाठीचे, मागे कायम 200 किलोचे पाटे (वहीत महिनाभर लिहून ठेवल्यावर त्याची सरासरी 220 निघाली), व्हॉल्व्हचा ब्रॅकेट, अलाइनमेंट, हेडलाइट भिंतीवर पाडून परत खाली केले. खट्ट गेलं. पाचशे किलोमीटरनंतर यू-बोल्ट परत आवळायला मी तिथे होतो, टेप लावला तर मागून 6 मिलिमीटर बसली होती, नवे पाटे एवढे बसतातच. आत्या ओसरीवरून बघत होती. म्हणाली, एवढं सगळं करून किती वर गेली रे? त्याने दोन बोटं दाखवली. ती म्हणाली मला चढायला स्टूल तेवढं ठेव.