माथाडीला लेव्ही, मोलकरणीला दाखला

सांगलीत विश्रामबागेच्या बाजूला सकाळी धुण्याभांड्याला निघणाऱ्या बायकांत जत, आटपाडी, कवठेमहांकाळच्या बऱ्याचजणी भेटतात. काही अथणी, विजापूरकडच्या, घरी कानडी आणि कामावर मराठी बोलणाऱ्या. कोरडवाहू रानावर भागेना म्हणून शहरात आलेल्या. ‘चार घरं धरलीत’ असं त्या सांगतात. प्रत्येक घराशी बोली वेगळी: भांड्यांचे किती, फरशीचे किती, महिन्याला खाडे किती चालतील, दिवाळीला पूर्ण पगार की नुसती साडी. कागद मात्र कुठेच नाही.

महाराष्ट्रातल्या कष्टकऱ्यांच्या दोन मोठ्या कायद्यांची मुळं याच सातारा-सांगलीत आहेत. पाटण, जावळीचे पुरुष मुंबईच्या बाजारपेठांत ओझी वाहायला गेले. रोज मालक वेगळा, मधे मुकादम, आजारी पडलं की मजुरी बंद. पाटण तालुक्यातल्याच अण्णासाहेब पाटलांनी त्यांना संघटित केलं आणि १९६९ साली माथाडी कायदा झाला. व्यापाऱ्याने सरकारने नेमलेल्या मंडळाकडे नोंद करायची, मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही, म्हणजे ठरावीक जादा रक्कम, मंडळात भरायची. त्यातून कामगाराला भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, बोनस, औषधपाणी. मालक एक नसला तरी मालकाची जबाबदारी ठरवता येते, हे या कायद्याने दाखवून दिलं. चार घरं धरणाऱ्या बाईची अडचण नेमकी हीच आहे.

दुसरा कायदा रोजगार हमीचा. तासगाव तालुक्यातल्या विसापूरचे वि. स. पागे यांच्या कल्पनेतून १९६५ साली त्याच तालुक्यात प्रयोग झाला, १९७२च्या दुष्काळात योजना राज्यभर पसरली, १९७७ साली कायदा झाला. मागेल त्याला काम देणं सरकारवर बंधनकारक ठरलं.

घरकामाच्या वाट्याला यातलं काहीच आलं नाही. १९४८चा किमान वेतन कायदा अनुसूचीतल्या कामांनाच लागू होता आणि महाराष्ट्राने घरकाम त्यात घातलं नाही. दलित चळवळीतले नेते पां. ना. राजभोज यांनी १९५९ साली राज्यसभेत घरनोकरांसाठी खासगी विधेयक मांडलं, ते मंजूर झालं नाही. १९७९ साली आंतरराज्य स्थलांतरित कामगारांचा कायदा आला, पण तो कंत्राटदारामार्फत पाच किंवा जास्त परराज्यातले कामगार आणणाऱ्या आस्थापनांपुरता होता. अथणीहून बहिणीच्या ओळखीने मिरजेत आलेली बाई त्यात बसत नव्हती. जतची तर राज्याच्या आतलीच, तिचा प्रश्नच नव्हता.

१९८० साली पुण्यात मोलकरणींनी उत्स्फूर्त संप केला आणि त्यातून त्यांची संघटना उभी राहिली. दोन वर्षांनी मुंबईत गिरण्यांचा संप झाला; कामावरून उठलेल्या साताऱ्याकडच्या अनेक कुटुंबांत बायकांच्या घरकामावर चूल पेटली. संघटनांच्या मागणीला यश यायला मात्र २००८ उजाडलं. तेव्हा झाला महाराष्ट्र घरेलू कामगार कल्याण मंडळ कायदा.

या कायद्यात माथाडीचं ‘मंडळ’ आलं, लेव्ही आली नाही. घरमालकाने, म्हणजे कामाला ठेवणाऱ्याने, एक पैसाही भरायचा नाही. निधी सरकारच्या अनुदानावर आणि कामगाराच्याच वर्गणीवर. पगार किती, सुट्टी किती, कामावरून काढताना सूचना द्यायची की नाही, यावर कायदा गप्प आहे. १८ ते ६० वयाच्या कामगाराने नोंदणी करायची, प्रसूती किंवा अंत्यविधीसाठी थोडी मदत मिळवायची. नोंदणीला घरमालकाचा दाखला लागतो, आणि तिथेच गाडी अडते. ‘वहिनी, एवढी सही द्या’ म्हटलं की, ‘कशाला गं, उद्या आमच्यावर काही आलं म्हणजे?’ मालकावर कसलंच बंधन न घालणाऱ्या कायद्याच्या कागदावर सही करायलाही मालक घाबरतो. त्यात राहण्याच्या पुराव्याचीही अडचण: रेशनकार्ड गावाकडे, खोली भाड्याची, करारनामा नाही.

मिरजेपासून थोड्याच अंतरावर कर्नाटकाची हद्द लागते. तिथे २००४ सालीच घरकामाला किमान वेतन लागू झालं. अंमल तिथेही कच्चा आहे, पण निदान दर सरकारने ठरवलाय.

जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेत २०११ साली घरकामगारांचा करार, क्रमांक १८९, मंजूर झाला. भारताने बाजूने मत दिलं. तो स्वीकारून स्वतःवर बंधनकारक मात्र केलेला नाही. खरं दात असलेलं कलम आलं ते २०१३च्या लैंगिक छळ प्रतिबंधक कायद्यात: घर हेही कामाचं ठिकाण मानलं गेलं. जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार गेली आणि तिच्यात प्रथमदर्शनी तथ्य दिसलं, तर सात दिवसांत ती पोलिसांकडे जायला हवी. ही समिती असते, हेच बहुतेक बायकांपर्यंत पोचवलेलं नाही.

२९ जानेवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने घरकामगारांसाठी वेगळ्या कायद्याचा विचार करायला समिती नेमण्याचे आदेश केंद्राला दिले. महाराष्ट्राला नमुना शोधायला लांब जायची गरज नाही, माथाडी कायदा घरचाच आहे. सोसायटी दरमहा मेंटेनन्स गोळा करते, त्यातच घरागणिक लेव्ही घेऊन मंडळात भरता येईल. आणि नोंदणी कामाच्या गावी, बाईच्या स्वतःच्या जबानीवर व्हावी, सहीसाठी तिला कुणाच्या दारात उभं राहावं लागू नये.