गिरमिट, अरकाटी आणि एक तास पुढचे घड्याळ

आसामच्या अनेक चहाबागांत आजही घड्याळ देशाच्या वेळेपेक्षा एक तास पुढे असते. त्याला 'बागान टाइम' म्हणतात. उजेड असेल तेवढा कामी यावा, ही ब्रिटिश मळेवाल्यांची सोय. वेळसुद्धा साहेबाची, मग मजुराचे काय विचारता!

1839 मध्ये चहा पिकवणारी आसाम कंपनी स्थापन झाली. आसामी उमराव मणिराम देवान यांनी स्वतःची चहाबाग काढली, पण 1857 च्या उठावातील सहभागावरून 1858 मध्ये ब्रिटिशांनी त्यांना जोरहाटला फाशी दिली. जंगल तोडायला माणसे हवी होती आणि स्थानिक शेतकरी आपली जमीन सोडून मजुरीला यायला राजी नव्हता. चिनी कारागीर आणून पाहिले, ते टिकले नाहीत. मग छोटा नागपूर, संथाळ परगणा (दोन्ही मुख्यतः आजच्या झारखंडात), ओडिशा इथून मुंडा, उरांव, संथाळ कुटुंबांना आणले जाऊ लागले. ती गोळा करणारा दलाल म्हणजे अरकाटी. 1863 ते 1866 या तीन वर्षांत सुमारे 85,000 माणसे आली. 1866 च्या मध्यापर्यंत त्यांतली 30,000 तरी मेली किंवा पळाली.

पळणे हा गुन्हाच होता. मराठीत गिरमिट म्हणजे लाकडाला भोक पाडायचे हत्यार. मजुरांच्या तोंडी मात्र तो 'अ‍ॅग्रीमेंट'चा अपभ्रंश, म्हणजे मजुरीचा करार. तो मोडला की दिवाणी दावा नव्हे, तर 1859 च्या कायद्याने तुरुंग. 1865 च्या कायद्याने तर पळालेल्याला वॉरंटविना धरायचा हक्क थेट मळेवाल्याला दिला. हा हक्क 1908 पर्यंत टिकला. त्याच कायद्याने महिन्याची मजुरीही ठरवली: पुरुषाला 5 रुपये, बाईला 4, मुलाला 3. पुढे आसामचे मुख्य आयुक्त हेन्री कॉटन यांनी मजुरीवाढीचा आग्रह धरला, तेव्हा मळेवाले त्यांच्यावरच उलटले.

साहेब, बाबू (कारकून), सरदार (मजुरांचा मुकादम) आणि सर्वांत खाली मजुरांच्या 'लाइनी', म्हणजे ओळीने बांधलेल्या खोल्या, अशी उतरंड. या लाइनींत अनेक भाषा बोलणारे लोक शेजारी राहत, त्यातून छोटा नागपूरच्या सादरी भाषेच्या आधाराने 'बागानिया' बोली घडली. गावाकडचा करम सण आणि झुमूर नाच इथेही चालू राहिला.

मे 1921 मध्ये दक्षिण आसामातल्या चारगोला खोऱ्यातले हजारो मजूर 'मुलूक चलो' म्हणत बागा सोडून निघाले. 20 मेच्या रात्री चांदपूर (आज बांगलादेशात) स्थानकावर गुरखा शिपायांनी त्यांना मारझोड केली. त्यानंतर तिथे पटकी पसरली. निषेधात रेल्वे आणि आगबोटींचे कामगार संपावर गेले.

झारखंडात हे मुंडा, उरांव, संथाळ अनुसूचित जमातींत मोडतात. आसामात त्यांच्या वंशजांची नोंद इतर मागासवर्गीयांत आहे आणि तो दर्जा बदलून मिळावा, ही त्यांची जुनी मागणी आहे.