चाटी गल्लीतला काळा फोन आणि सिमकार्ड

सोलापुरात चाटी गल्लीतल्या मामांच्या कापडदुकानात गल्ल्याशेजारी एक काळा फोन आहे. बेकलाइटचा, हातात घेतला तर वजनाने दचकायला होईल असा. तारेची लाइन केव्हाच बंद झाली, पण मामा अजून रोज सकाळी उदबत्ती लावायच्या आधी त्याच्यावरून फडकं फिरवतात. मध्यंतरी त्यांनी मला विचारलं, "ह्याच्यात सिमकार्ड घालता येतं का रे?"

येतं. फोनमध्ये नव्हे, फोनच्या शेजारी. सिम घालायचा एक लहान डबा मिळतो. त्याला अँटेना असते आणि मागे जुन्या फोनची वायर खोचायला जागा असते. फिक्स्ड वायरलेस टर्मिनल हे त्याचं कागदोपत्री नाव. एका बाजूने तो मोबाइल टॉवरशी बोलतो आणि दुसऱ्या बाजूने काळ्या फोनसमोर टेलिफोन एक्सचेंजचं सोंग आणतो. सगळी गंमत या सोंगात आहे.

जुन्या फोनला घरातली वीज लागत नसे. एक्सचेंजमधल्या ४८ व्होल्टच्या बॅटऱ्यांमधून वीज तारेवरून यायची, म्हणून भारनियमनातही फोन चालायचा. रिसीव्हर उचलला की सर्किट जुळतं, प्रवाह वाहू लागतो आणि त्यावरून एक्सचेंजला कळतं की कोणालातरी फोन लावायचाय. डायलचं काम एवढंच, की हा वाहता प्रवाह मोजून मापून तोडायचा. पाच फिरवला तर पाचदा, शून्य फिरवला तर दहादा.

एक गोष्ट बऱ्याच जणांच्या ध्यानात येत नाही. आकडा जातो तो बोटाने डायल फिरवताना नव्हे, ती परत येताना. आपण फक्त स्प्रिंग ताणतो. परतीचा वेग आत फिरणारं एक छोटं नियंत्रक सांभाळतं, त्यामुळे घाईतल्या माणसाची डायलही तेवढ्याच वेगाने परतते. सेकंदाला १० ठोके, प्रत्येक ठोका १०० मिलिसेकंदांचा. त्यातला साधारण दोन तृतीयांश वेळ सर्किट तुटलेलं, उरलेला वेळ जुळलेलं.

हे ठोके एकेकाळी थेट यंत्र हलवत. अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीत अंत्यविधीचा व्यवसाय करणाऱ्या अल्मन स्ट्रोजरला १८९१ साली स्वयंचलित स्विचचं पेटंट मिळालं. गावातल्या ऑपरेटर बाई आपली गिऱ्हाइकं प्रतिस्पर्ध्याकडे वळवतात, या रागातून त्याने ते केलं, असं सांगतात. त्याच्या धर्तीच्या स्विचमध्ये एक दांडा एका आकड्याच्या ठोक्यांनी तेवढ्या पायऱ्या वर चढतो आणि पुढच्या आकड्याच्या ठोक्यांनी तेवढी घरं आडवा सरकतो. दहा मजले, प्रत्येक मजल्यावर दहा घरं, म्हणजे एका दांड्याच्या टप्प्यात शंभर नंबर. सोलापुरी चादरीवर मोर उमटवणाऱ्या, मागावरच्या जकार्ड यंत्रासारखंच हे. पुठ्ठ्यावर भोक असेल तिथे दोरा उचलला जातो. भोक वाचून मग कोणी विचार करत बसत नाही. चाटी गल्लीत बोट फिरलं की तिकडे एक्सचेंजमध्ये लोखंड हलत असे.

डब्यात यातलं काही हलत नाही. त्यातली चिप प्रवाह किती वेळा तुटला ते मोजते, आकडा टिपून ठेवते आणि पुढच्याची वाट पाहते. मोबाइलच्या जाळ्याला एकेक आकडा सुटा चालत नाही, सगळा नंबर एकदम लागतो. मग शेवटचा आकडा झाला हे डब्याने ओळखायचं कसं? बटनांच्या फोनवर शेवटी हॅश दाबून तसं सांगता येतं. डायलवर हॅश नाही आणि स्टारही नाही. त्यामुळे डबा काही सेकंद थांबतो, आणखी ठोके आले नाहीत की नंबर पाठवून देतो. ही शांतता मामांना पहिल्यांदा फार जड गेली. "बंद पडला की ओ तुमचा डबा!"

भारतातले मोबाइल नंबर ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होतात. डायलच्या दृष्टीने हे लांबचे आकडे. शहरांच्या कोडचंही तसंच. दिल्लीचा कोड ०११ म्हणजे १२ ठोके, मुंबईचा ०२२ म्हणजे १४. त्या मानाने आपला ०२१७ म्हणजे चक्क २० ठोके. मामांच्या सुरतच्या व्यापाऱ्याचा मोबाइल लावायला घड्याळात १८ सेकंद गेले. एक सूट मात्र मिळते. लँडलाइनवरून मोबाइल लावताना १५ जानेवारी २०२१ पासून आधी शून्य लावावं लागतं, पण डब्यातलं सिम स्वतःच मोबाइल असल्याने ते दहा ठोके वाचतात.

लहानपणी या फोनच्या डायलवर १ च्या भोकात बारीक कुलूप असायचं, म्हणजे डायल पुढे फिरतच नसे. माझा मावसभाऊ त्यावर मात करायचा. रिसीव्हर ठेवायचा खटका बोटाने पटापट दाबायचा, चारसाठी चारदा, सातसाठी सातदा. कुलूप डायलला होतं, तारेला नव्हतं. परवा मी तसंच करून पाहिलं आणि डब्याने आकडे बरोबर मोजले. मात्र हात भराभर चालायला हवा. खटका जरा जास्त वेळ दाबला गेला की फोन ठेवला, असं डबा समजतो.

असला डबा घेणाऱ्याने दोन गोष्टी पाहाव्यात. मी आणलेला पहिला डबा परत करावा लागला. बटनांचा फोन प्रत्येक आकड्यासाठी वेगळा सूर पाठवतो, त्याला फक्त ते सूर कळत होते. डायल कितीही फिरवा, टोन आपला घुमतच राहायचा. माहितीपत्रकात पल्स डायलिंग, म्हणजे ठोक्यांनी नंबर लावणं, असं स्पष्ट लिहिलेलं असावं. दुसरं, डबा व्होल्टीने, म्हणजे ४जीच्या जाळ्यावरूनच बोलणारा असावा. जिओकडे २जीचं जाळंच नाही, त्यामुळे जुन्या २जी डब्यात ते सिम मुकं राहतं. शिवाय २जीचा डबा रेडिओजवळ ठेवला तर रेडिओ गुरगुरतो, कारण २जीत लहरी सेकंदाला सुमारे २१७ वेळा तुटक तुटक सुटतात. सोलापूरचाच कोड! निव्वळ योगायोग, पण मी तो दुकानात येईल त्याला ऐकवतोय.

बँकेच्या "मराठीसाठी एक दाबा"पुढे मात्र डायल हरते. तिथे सूर लागतो आणि डायलकडे असतात फक्त ठोके.

सगळ्यात अवघड निघाली ती घंटी. आतला लोहचुंबक टोला हलवून दोन वाट्या वाजवतो, त्याला एक्सचेंज ७५ व्होल्टच्या आसपास उलटसुलट वीज पाठवत असे. स्वस्त डबे इथे कमी पडतात आणि घंटी नुसती कुजबुजते. आमचा डबा कमी पडला नाही, घंटी खणखणीत वाजली. मामा मात्र हलले नाहीत.

"फोन वाजतोय मामा."

"वाजतोय, पण आपला नाही वाजत."

खरंच होतं. आपल्याकडची घंटी ०.४ सेकंद वाजते, ०.२ थांबते, पुन्हा ०.४ वाजते आणि मग दोन सेकंद गप्प. ट्रिंग-ट्रिंग. डबा अमेरिकन पद्धतीने दोन सेकंद सलग वाजत होता आणि चार सेकंद थांबत होता. बदलता येतं, पण त्यासाठी स्टार आणि हॅशचे कोड लावायचे! शेवटी शेजारच्या साडीवाल्याकडून बटनांचा फोन मागून आणला, डब्याला जोडला, डब्याच्या सेटिंगमधला देश बदलला आणि काळा फोन परत खोचला. मग रस्त्यावर जाऊन माझ्या मोबाइलवरून फोन लावला.

आतून ट्रिंग-ट्रिंग ऐकू आलं. तिसऱ्या खेपेला मामांनी उचलला आणि आधी दुकानाचं नाव सांगितलं.